वेब प्रकल्पासाठी क्लायंट-साइड स्क्रिप्ट लायब्ररीची निवड : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन कारभारात संकेतस्थळाला आज केवळ प्रसिद्धिपत्रकाचे स्थान राहिलेले नाही. प्रवेश अर्ज, परीक्षांची वेळापत्रके, निकाल, शिष्यवृत्तीच्या सूचना आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदी यांचा व्यवहार संकेतस्थळामार्फत होतो. नॅकच्या मूल्यांकनासाठी सादर करावयाची बरीचशी माहितीही तेथेच ठेवावी लागते. अशा संकेतस्थळाची रचना करताना जे अनेक तांत्रिक निर्णय घ्यावे लागतात, त्यांपैकी क्लायंट-साइड स्क्रिप्ट लायब्ररीची निवड हा एक महत्त्वाचा निर्णय होय. वाचकाच्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट आज्ञावलीला साहाय्य करणारा तयार संच म्हणजे अशी लायब्ररी.

हा निर्णय बहुधा घाईने घेतला जातो. अंतिम वर्षाचे विद्यार्थी स्वतःला येत असलेली लायब्ररी वापरतात. बाहेरील कंत्राटदार त्याच्याकडे तयार असलेला साचा वापरतो. काही वर्षांनी विद्यार्थी पदवी घेऊन गेलेले असतात, कंत्राटाची मुदत संपलेली असते आणि संकेतस्थळाची जबाबदारी मात्र महाविद्यालयाकडेच राहते. निवड करणारी व्यक्ती आणि त्या निवडीचे परिणाम सोसणारी संस्था यांच्यातील हे अंतर हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. सदर लेखात लायब्ररींच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेऊन निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत. संगणकशास्त्राखेरीज अन्य विषयांच्या, परंतु संकेतस्थळ समितीवर काम करणाऱ्या अध्यापकांनाही ते उपयोगी पडावेत, अशी विवेचनाची मांडणी आहे.

लायब्ररी आणि फ्रेमवर्क : संकल्पनात्मक भेद

लायब्ररी व फ्रेमवर्क हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जातात. परंतु त्यांत महत्त्वाचा भेद आहे. लायब्ररी ही उपकरणांची पेटी असते. प्रकल्पाची आज्ञावली हवे तेव्हा तिच्यातील उपकरण काढते, वापरते व परत ठेवते. फ्रेमवर्क हा इमारतीचा सांगाडा असतो. तेथे नियंत्रण सांगाड्याकडे असते आणि प्रकल्पाची आज्ञावली त्याने नेमून दिलेल्या जागी बसवावी लागते. पेटीतील उपकरण बदलणे तुलनेने सोपे असते. सांगाडा बदलणे म्हणजे बहुधा इमारत नव्याने बांधणे होय. म्हणून निवडीची चिकित्सा किती कठोर असावी, हे निवडलेली वस्तू या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे यावर अवलंबून असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी निर्माण केली आणि १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने तिचे पहिले प्रमाणीकरण केले. तथापि भाषेचे प्रमाणीकरण झाले तरी निरनिराळ्या ब्राउझरांचे वर्तन एकसारखे नव्हते. एखाद्या कळीवर माउस दाबला असता काय घडावे, हे सांगण्याची इंटरनेट एक्स्प्लोररची पद्धत वेगळी होती आणि इतर ब्राउझरांची वेगळी होती. परिणामी एकच काम दोनदा लिहावे लागे व दोनदा तपासावे लागे.

२००४ मध्ये जीमेल आणि २००५ च्या आरंभी गूगल मॅप्स या सेवा आल्या. संपूर्ण पान पुन्हा न मागवता त्याचा काही भाग बदलता येतो, हे सर्वसामान्यांच्या प्रत्ययास आले. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्रसमूहाला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. मागणी वाढली, परंतु ब्राउझरांतील विसंगती कायम राहिली. या पोकळीत अनेक लायब्ररींचा उदय झाला. डोजोचे काम २००४ मध्ये सुरू झाले होते. २००५ मध्ये सॅम स्टीफन्सन यांची प्रोटोटाइप ही लायब्ररी आली. २००६ मध्ये याहूची वायूआय, मूटूल्स आणि जॉन रेसिग यांची जेक्वेरी प्रसिद्ध झाली.

या स्पर्धेत जेक्वेरी पुढे गेली, याची कारणे अभ्यासण्यासारखी आहेत. पानावरील घटक निवडण्यासाठी तिने सीएसएसमधील परिचित पद्धत स्वीकारली. त्यामुळे प्रोग्रॅमिंगचे फारसे शिक्षण न झालेल्या रचनाकारांनाही ती वापरता आली. तिने भाषेच्या मूळ वस्तूंमध्ये स्वतःची भर घातली नाही. सप्टेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट व नोकिया या कंपन्यांनी तिचा स्वीकार जाहीर केला आणि तिच्या स्थैर्याविषयी विश्वास वाढला. आजही वेब-सर्वेक्षणांत जावास्क्रिप्ट लायब्ररींमध्ये तिचाच वापर सर्वाधिक आढळतो.

दरम्यान परिस्थिती पालटली. घटक निवडणे, वर्ग बदलणे, सर्व्हरकडून माहिती मागवणे या सोयी ब्राउझरांनी स्वतःच प्रमाणित स्वरूपात दिल्या. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ला डेस्कटॉपवरून निवृत्त केले. गिटहबने २०१८ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून जेक्वेरी हटवल्याचे जाहीर केले आणि बूटस्ट्रॅपच्या २०२१ मधील पाचव्या आवृत्तीने तिच्यावरील अवलंबित्व सोडले. ज्या अडचणीवर उपाय म्हणून लायब्ररी जन्मास आली, ती अडचणच बव्हंशी दूर झाली, असा याचा अर्थ होतो. म्हणून आज निवडीचा पहिला प्रश्न ‘कोणती लायब्ररी?’ असा नसून ‘लायब्ररीची गरज आहे काय?’ असा आहे.

निवडीचे निकष

१. प्रकल्पाचे स्वरूप : संकेतस्थळांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार दस्तऐवजप्रधान. यात मजकूर, तक्ते, सूचना व अर्ज असतात आणि वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. दुसरा प्रकार कार्यप्रधान. यात एकाच पडद्यावर दीर्घकाळ काम चालते व अनेक आकडे एकमेकांशी निगडित असतात. उदाहरणार्थ, हजेरीच्या नोंदवहीत एका विद्यार्थ्याची एक नोंद बदलली की त्याची एकूण उपस्थिती, टक्केवारी, वर्गाची सरासरी आणि कमी उपस्थितीची यादी असे चार ठिकाणचे मजकूर बदलावे लागतात. प्रत्येक ठिकाण हाताने बदलणारी आज्ञावली लिहिल्यास एखादे ठिकाण सुटण्याचा संभव असतो आणि मग एकाच पडद्यावर परस्परविरोधी आकडे दिसतात. रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर या साधनांचे खरे बळ येथे आहे. मूळ माहिती एका जागी ठेवावी व त्या माहितीवरून पडदा कसा दिसावा एवढेच सांगावे. बदल पोहोचवण्याचे काम साधन करते. दस्तऐवजप्रधान संकेतस्थळात हा प्रश्नच उद्भवत नसल्याने तेथे हे बळ वाया जाते आणि त्याचे ओझे मात्र वाहावे लागते.

२. आकारमान आणि वाचकाचे साधन : जेक्वेरीच्या तिसऱ्या आवृत्तीची संक्षिप्त केलेली धारिका पाठवताना सुमारे ३० किलोबाइट भरते, रिॲक्टच्या अठराव्या आवृत्तीचा मूळ संच ४० किलोबाइटहून अधिक होतो. हे आकडे लहान वाटतात. परंतु स्क्रिप्टचा खर्च उतरवून घेण्यापाशी संपत नाही. ब्राउझरला ती वाचावी, समजून घ्यावी व चालवावी लागते. हा भार भ्रमणध्वनीच्या प्रक्रियकावर पडतो आणि तेवढ्याच आकाराच्या छायाचित्रापेक्षा तो अधिक असतो. शिवाय मूळ लायब्ररीवर जोडल्या जाणाऱ्या उपसंचांमुळे एकूण वजन बरेच वाढते. संगणक प्रयोगशाळेत क्षणात उघडणारे पान दुर्गम गावातील विद्यार्थ्याच्या जुन्या भ्रमणध्वनीवर प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी उघडेल किंवा नाही, ही या निकषाची खरी कसोटी आहे.

३. स्क्रिप्टविना किमान कार्य : जाळे मध्येच तुटले किंवा स्क्रिप्टमध्ये एक दोष निघाला तरी मूळ मजकूर वाचता यावा व अर्ज सादर करता यावा, या तत्त्वाला क्रमशः संवर्धन म्हणता येईल. प्रथम साधे एचटीएमएल, त्यावर सीएसएसचे रूप आणि त्यानंतर स्क्रिप्टची सोय, असा हा क्रम आहे. येथे एक बाब ठामपणे लक्षात घ्यावी लागते. ब्राउझरमधील तपासणी ही वाचकाच्या सोयीसाठी असते, सुरक्षिततेसाठी नव्हे. गुणांची मर्यादा, जन्मतारीख, शुल्काची रक्कम यांची तपासणी सर्व्हरवर पुन्हा करणे अपरिहार्य आहे. कारण ब्राउझरमध्ये चालणारी कोणतीही आज्ञावली वापरणाऱ्याला बदलता येते.

४. देखभाल आणि आयुर्मान : लायब्ररीचे आयुष्य बहुधा प्रकल्पाच्या आयुष्याहून कमी असते. याहूने ऑगस्ट २०१४ मध्ये वायूआयचा नवा विकास थांबवला. गूगलच्या अँग्युलरजेएसचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१० मध्ये आलेल्या या फ्रेमवर्कची पुढील पिढी सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर या नावाने आली, परंतु तिची रचना मुळातून वेगळी होती. जुन्या प्रकल्पांना टप्प्याटप्प्याने पुनर्लेखन करावे लागले आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी जुन्या पिढीला मिळणारा आधार संपला. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपुष्टात आला. यावरून मोठ्या कंपनीचे पाठबळ ही दीर्घायुष्याची हमी नव्हे, हे स्पष्ट होते. नवी आवृत्ती किती वेळा येते, जुन्या आवृत्तीला किती काळ आधार मिळतो आणि स्थलांतराची वाट आखून दिली जाते काय, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. जेक्वेरीने २०१३ मध्ये १.९ या आवृत्तीत काही जुन्या सोयी काढल्या, तेव्हा त्या तात्पुरत्या चालू ठेवणारा व धोक्याच्या जागा दाखवणारा ‘मायग्रेट’ हा पूरक संच दिला. अशा व्यवस्थेचे मोल स्थलांतराच्या वेळीच कळते.

५. इतर आज्ञावलींशी सहजीवन : प्रोटोटाइप व मूटूल्स या लायब्ररींनी भाषेच्या मूळ वस्तूंमध्येच स्वतःच्या क्रिया जोडल्या होत्या. लिहिणाऱ्याला ते सोयीचे वाटले, परंतु त्याचा परिणाम दूरगामी झाला. २०१८ मध्ये याद्यांची पातळी सपाट करणारी ‘फ्लॅटन’ नावाची क्रिया भाषेच्या प्रमाणात आणण्याचे घाटत असताना मूटूल्सने त्याच नावाने जोडलेल्या क्रियेशी तिचा संघर्ष झाला व काही जुनी संकेतस्थळे बिघडू लागली. अखेर प्रमाणातील नावच बदलून ‘फ्लॅट’ करण्यात आले. सुमारे एका तपापूर्वी केलेल्या रचनेने संपूर्ण भाषेच्या शब्दसंग्रहावर मर्यादा घातली, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. एकाच पानावर दोन लायब्ररी वापरल्यास असा संघर्ष लहान प्रमाणात घडू शकतो. डॉलर चिन्हाचा वापर जेक्वेरी व प्रोटोटाइप या दोघीही करीत असल्याने जेक्वेरीला ते चिन्ह सोडून देण्याची स्वतंत्र सोय करावी लागली.

६. सुरक्षितता आणि पुरवठ्याची साखळी : एप्रिल २०२० मध्ये जेक्वेरीच्या ३.५.० या आवृत्तीने, अविश्वासार्ह एचटीएमएल पानात घालताना परकी आज्ञावली चालण्याचा धोका दूर केला. त्यापूर्वीच्या अनेक आवृत्त्यांत हा दोष होता. जुनी आवृत्ती ‘चालू आहे’ म्हणून तशीच ठेवणे सुरक्षित नसते, हे यावरून दिसते. दुसरा धोका परावलंबित्वाचा. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ हा केवळ ११ ओळींचा संच त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. जून २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या सेवेचे अधिक्षेत्र मालकी बदलल्यानंतर घातक स्क्रिप्ट पाठवू लागले. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांना त्याची झळ बसल्याचे संशोधकांनी नोंदवले. म्हणून लायब्ररीची धारिका शक्यतो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी. ती परक्या सर्व्हरवरून घ्यावयाची असल्यास धारिकेचा ठसा तपासणारी अखंडता-खूण वापरावी. धारिकेत बदल झाल्यास ब्राउझर ती नाकारतो.

७. परवाना : मुक्त स्रोत म्हणजे विनाअट नव्हे. २००८ मध्ये एक्स्ट जेएसने आपला परवाना बदलून जीपीएलची तिसरी आवृत्ती स्वीकारली, तेव्हा तिच्यावर आधारलेल्या प्रकल्पांपुढे प्रश्न उभे राहिले. रिॲक्टच्या परवान्यातील पेटंटविषयक कलमाला २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांसाठी मनाई केली. त्यानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये रिॲक्ट एमआयटी परवान्याखाली आणले गेले. महाविद्यालयाने परवान्याचे नाव व दिनांक नोंदवून ठेवणे हितावह आहे.

८. सुगम्यता : दृष्टिबाधित विद्यार्थी पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने संकेतस्थळ वापरतो, हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेला विद्यार्थी केवळ कळफलकावर अवलंबून असतो. लायब्ररीतील सज्ज मेनू, दिनदर्शिका व संवादचौकटी कळफलकाने चालतात काय आणि पडदावाचकाला त्यांचा अर्थ कळतो काय, हे प्रत्यक्ष तपासावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व दळणवळण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचा समावेश असल्याने हा केवळ सौजन्याचा भाग राहत नाही.

मराठी मजकुराची विशेष कसोटी

वरील निकष कोणत्याही भाषेच्या संकेतस्थळाला लागू आहेत. मराठी मजकुरासाठी आणखी काही तपासण्या आवश्यक ठरतात. कारण बहुतेक लायब्ररींची उदाहरणे रोमन लिपीवर तपासलेली असतात.

पहिली तपासणी लांबीची. ‘महाराष्ट्र’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट मात्र त्याची लांबी १० सांगते, कारण व्यंजने, स्वरचिन्हे व हलन्त तेथे स्वतंत्र मोजले जातात. नावाच्या रकान्यात २० अक्षरांची मर्यादा घालणारा तयार तपासणी-संच मराठी नाव अर्ध्यावर तोडू शकतो.

दुसरी तपासणी क्रमाची. भाषेची साधी क्रमवारी युनिकोडमधील संकेतांकांनुसार लागते. तेथे ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर लगेच येते. मराठी वर्णमालेत ते ‘ह’ नंतर येते. त्यामुळे ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’ या आडनावाच्या आधी लागते, वस्तुतः ते नंतर यावयास हवे. हजेरीपट किंवा गुणवत्ता यादी अकारविल्हे लावताना हा दोष ठळकपणे दिसतो. ब्राउझरांतील आंतरराष्ट्रीयीकरणाच्या प्रमाणित सोयींमध्ये भाषेचे नाव देऊन तुलना करता येते. निवडलेला तक्ता-संच ती सोय वापरू देतो काय, हे पाहावे.

तिसरी तपासणी अंकांची. विद्यार्थ्याने रकान्यात ‘२०’ असे देवनागरी अंकांत लिहिल्यास जावास्क्रिप्टचे संख्येत रूपांतर करण्याचे साधे उपाय अपयशी ठरतात आणि योग्य उत्तर ‘अवैध’ म्हणून नाकारले जाते. आधी देवनागरी अंकांचे रूपांतर करणारी चार-पाच ओळींची आज्ञावली यासाठी पुरते. परंतु तिची गरज आधी ओळखावी लागते.

निर्णयाची कार्यपद्धती

या विवेचनावरून निवडीची एक व्यवहार्य पद्धत मांडता येते. दस्तऐवजप्रधान नव्या संकेतस्थळासाठी ब्राउझरांच्या प्रमाणित सोयींपासून आरंभ करावा आणि एखादी गरज त्यांनी भागत नाही असे सिद्ध झाल्यावरच लायब्ररी घ्यावी. पूर्वीपासून जेक्वेरीवर चालणारे संकेतस्थळ केवळ नावीन्यासाठी मोडू नये. आवृत्ती अद्ययावत करावी, अनावश्यक उपसंच काढावेत व नवीन पाने लिहिताना प्रमाणित सोयी वापराव्यात. जेक्वेरी यूआयसारखे पूरक संच २०२१ पासून केवळ देखभालीच्या अवस्थेत आहेत, याची जाणीव मात्र ठेवावी. वेळापत्रक-निर्मिती किंवा मूल्यमापनाची नोंदवही यांसारख्या कार्यप्रधान प्रकल्पासाठी रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर यांचा विचार करावा. त्यांपैकी कोणते, हे ठरवताना ते पुढील पाच वर्षे सांभाळू शकणारे मनुष्यबळ संस्थेत किंवा परिसरात उपलब्ध आहे काय, या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व द्यावे.

निर्णयापूर्वी प्रकल्पातील सर्वांत अवघड पान दोन पर्यायांनी करून पाहावे. ते अल्प किमतीच्या भ्रमणध्वनीवर, मंद जोडणीवर, स्क्रिप्ट बंद ठेवून, केवळ कळफलकाने आणि मराठी माहिती भरून तपासावे. दोन-तीन दिवसांच्या या प्रयोगातून वैशिष्ट्यांच्या तुलनात्मक तक्त्यापेक्षा अधिक बोध होतो. त्यानंतर एक पानाचे टिपण तयार करावे. त्यात लायब्ररीचे नाव व आवृत्ती, निवडीचे कारण, नाकारलेले पर्याय, परवाना, अद्ययावत करण्याची जबाबदारी आणि फेरविचाराचा दिनांक यांची नोंद असावी. हे टिपण संकेतस्थळ समितीच्या दप्तरी राहिले तर व्यक्ती बदलल्या तरी निर्णयामागील विचार संस्थेकडे शिल्लक राहतो.

अध्यापनाच्या दृष्टीनेही यात एक सूचना दडलेली आहे. विद्यार्थ्याला प्रथम लायब्ररी शिकवली तर ती अस्तंगत झाल्यावर त्याचे ज्ञानही निरुपयोगी होते. भाषा, पानाची रचना व ब्राउझरांच्या प्रमाणित सोयी यांचा पाया आधी घातला तर कोणतीही नवी लायब्ररी त्याला अल्पावधीत आत्मसात करता येते. प्रकल्पाच्या मूल्यमापनात ‘कोणती लायब्ररी वापरली’ यापेक्षा ‘ती का वापरली’ या प्रश्नाला गुण देणे त्यामुळे अधिक उचित ठरेल.

निष्कर्ष

क्लायंट-साइड लायब्ररींचा सुमारे दोन दशकांचा इतिहास असे दर्शवितो की, प्रत्येक लायब्ररी तिच्या काळातील विशिष्ट अडचणीचे उत्तर असते. अडचण बदलली की उत्तराचे मोलही बदलते. लोकप्रियता हा उपयुक्त संकेत असला तरी तो निकष नव्हे. प्रकल्पाचे स्वरूप, वाचकाचे साधन, देखभालीची क्षमता, सुरक्षितता, परवाना, सुगम्यता आणि मराठी मजकुराची योग्य हाताळणी यांच्या आधारे केलेली निवड कालांतराने बदलावी लागली, तरी तो बदल आटोक्यात राहतो. आणि लायब्ररी न वापरण्याचा निर्णय हाही, तो विचारपूर्वक घेतलेला असेल तर, एक समर्थनीय निवडच ठरते.